पाणीवाल्या साहेबांचं संशोधन

जगातल्या माणसांचे आमच्या सरांनी दोन वर्ग पाडले होते. बॅटरीत चार्जिंगच्या आधी पाणी घालणारे आणि चार्जिंग झाल्यावर पाणी घालणारे. पहिल्या वर्गातल्या माणसाबद्दल काहीही सांगा, तो देवमाणूस आहे, उत्तम गातो, सैन्यातून पदक घेऊन आलाय, सर मान हलवायचे. "असेल की. पण पाणी आधी घालतो ना?" विषय संपला. चार्ज होताना बॅटरीतलं पाणी तापून फुगतं, आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर ॲसिडसकट बाहेर सांडतं, एवढं ज्याला कळत नाही त्याला कुणी मुलगी देऊ नये, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांना स्वतःला मुलगी नव्हती, हा भाग वेगळा.

लखनौच्या ज्या सरकारी संस्थेत मी पहिल्या नोकरीला लागले तिथे आम्ही दोघंच मराठी. ते सांगलीकडचे, मी नागपूरची. गोमतीवर धूर न सोडणाऱ्या विजेच्या नावा चालवायच्या, असा एक प्रकल्प नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे आला होता. नावेच्या फळ्यांखाली शिशाच्या जाड बॅटऱ्यांची रांग, आणि ती सांभाळणं हे सरांचं काम. मी त्यांच्या हाताखाली. अडचण एकच होती. मे-जूनची लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, सुटली की बॅटऱ्यांतलं पाणी बघता बघता उडून जायचं. पाणी गेलं की आतल्या पट्ट्या उघड्या पडतात आणि बॅटरी मरते. ते उडणारं पाणी कसं वाचवायचं, हा सरांच्या आयुष्याचा प्रश्न होता. लोक लेकरांचा विचार करतात तसा ते त्या पाण्याचा विचार करायचे.

आणि त्यांना उत्तर सापडलं होतं, हे मी आजही कुणासमोरही सांगेन. बॅटरीला जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज दिलं की आतलं पाणी फुटतं, त्याचे वायू होतात, बुडबुडे येतात. उन्हाळ्यात बॅटरी आधीच तापलेली, तिला कमी व्होल्टेज पुरतं. थंडीत थोडं जास्त लागतं. बाजारातला चार्जर मात्र बारा महिने एकच आकडा धरून बसतो. सरांनी हवेच्या उष्णतेप्रमाणे व्होल्टेज खालीवर करायची पद्धत बसवली. शिवाय प्रत्येक बॅटरीच्या तोंडावर स्वतः बनवलेलं झाकण लावलं, त्यात उडालेल्या वायूंचं पुन्हा पाणी होऊन ते आत ठिबकायचं. या झाकणांना ते टोप्या म्हणत. "या हापिसात सगळे माणसांना टोप्या घालतात. मी बॅटरीला घालतो, एवढाच फरक."

माणूस मात्र त्रासदायक होता. भर उन्हाळ्यात टेरिकॉटची पँट घालून यायचे, कारण सुती कापडाला ॲसिड खातं, टेरिकॉटला चटकन खात नाही. घामाने भिजायचे, पण पँट बदलायचे नाहीत. कुणाच्या घरी गेले की पाण्याचा ग्लास उजेडात धरून बघायचे आणि खाली ठेवायचे. "हे पाणी मी बॅटरीला घालणार नाही, मग पोटात कसं घालू?" यजमानीणबाई ओशाळायच्या. मी त्यांच्या शेजारी बसलेली असायचे आणि जमीन दुभंगेल तर बरं, असं मला व्हायचं. सरोजिनी नगरला त्यांचं भाड्याचं घर होतं. तिथे काकू पाहुण्याला आधी सांगून टाकायच्या, "त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका हं. मी तीस वर्षं दिलेलं नाही."

पण खरा त्रास त्यांच्या हिंदीचा. इतकी वर्षं लखनौत काढून त्यांना हिंदी आली नव्हती, आणि आली नाही हे त्यांना मान्य नव्हतं. "हिंदीत शिकण्यासारखं काय आहे गं? मराठीला 'है' लावलं की झाली हिंदी. संस्कृत शब्द इकडेही तेच, तिकडेही तेच." नागपूरकर असल्यामुळे हिंदी माझ्या घरातलीच. मी सांगायचे, सर, शब्द तेच असतात पण अर्थ फिरलेले असतात. पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा घरमालकाच्या पोराने चेंडू मारून त्यांची काच फोडली. सर तावातावाने खाली गेले. "आपके लड़के को कड़ी शिक्षा होनी चाहिए!" घरमालक हात जोडून हसला. "जी, बिलकुल! इसी साल अच्छे स्कूल में डाला है।" मराठीतली शिक्षा हिंदीत शिक्षण होते, हे सरांना कुणी सांगायचं? ते वर येऊन म्हणाले, "निर्लज्ज माणूस आहे. हसतो वर."

दुसरा प्रसंग नावेवरचा. रामसजीवन हा आमचा नाववाला. घाटाजवळच घर, पिढ्यान् पिढ्या नाव वल्हवलेली, आता विजेच्या नावेवर रोजंदारीने लागलेला. बॅटऱ्यांत पाणी घालताना सरांच्या घामेजल्या टेरिकॉटकडे बघून तो फिसकन हसला. सर कडाडले, "चेष्टा मत करो!" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. रामसजीवनने पाण्याचा कॅन खाली ठेवला, हात पुसले आणि नावेच्या टोकाला जाऊन बसला. बराच वेळ झाला तरी उठेना. सरांनी विचारलं तर म्हणतो, "आपै तो कहे साहब, कोसिस मत करो।" मी हसून हसून पडायचीच बाकी होते. सरही हसले. ते हसलेले मी फार कमी वेळा पाहिलेत, आणि बहुतेक वेळा रामसजीवन जवळपास असायचा.

त्या दोघांचं काय जुळलं होतं देव जाणे. रामसजीवन त्यांना 'पानी वाले साहब' म्हणायचा. तो काही हुशार बिशार नव्हता, पाणी घालायला विसरायचा, शिव्या खायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरायचा. पण सरांची हिंदी त्याला कळायची. किंवा कळत नसली तरी तो तक्रार करायचा नाही. संध्याकाळी दोघं घाटाच्या पायरीवर बसत. सर मराठीला 'है' लावून व्होल्टेज समजावत आणि हा अवधीत त्यांना कुठल्या भाच्याचं लग्न मोडलं ते सांगे. डायरेक्टरसाहेबांना सरांबद्दल काय वाटतं याची सरांना काडीचीही पर्वा नव्हती. "रामसजीवन मला खरा म्हणतो ना, मग पुरे," असं ते खरोखर म्हणायचे. मला ते तेव्हा नाटकी वाटायचं.

सरांना एकच भीती होती. आपलं संशोधन कुणीतरी चोरणार. 'कुणीतरी' म्हणजे डायरेक्टरसाहेब. भीती निराधार नव्हती. त्या वर्षी परिषदेत वाचायच्या एका निबंधात सरांच्या पद्धतीचं वर्णन होतं आणि नाव फक्त साहेबांचं. तेव्हापासून सर भेटेल त्याला सांगत सुटले होते की व्होल्टेजचं संशोधन माझं आहे, मी केलंय. चहावाल्यालाही सांगत. "कुठंतरी पाणी मुरतंय गं," मला म्हणायचे. "बॅटरीतलं पाणी उडतं, ते मला पकडता येतं. हापिसात मुरतं ते नाही पकडता येत."

मग त्या जूनमध्ये एका मंत्र्याला नावेतून फिरवायचं ठरलं. सर पुतणीच्या लग्नाला सांगलीला गेले होते. जाताना मला दहा वेळा बजावून गेले, चार्जरला कुणाला हात लावू देऊ नकोस. डायरेक्टरसाहेब माझ्यासमोर चार्जरजवळ उभे राहिले आणि वीजवाल्याला त्यांच्या त्या मधाळ लखनवी आवाजात म्हणाले, "ज़रा बढ़ा दीजिए इसे। मंत्री जी बीच नदी में न रुक जाएँ।" मी म्हटलं, साहेब, या उन्हात वाढवलं तर बॅटऱ्या उकळतील. ते माझ्याकडे बघून हसले. "मैडम, दो ही दिन की तो बात है।" व्होल्टेज वाढलं. मंत्री आलेच नाहीत. व्होल्टेज खाली करायची आठवण त्यांना राहिली नाही, आणि चार्जरच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्याकडून आधीच घेऊन ठेवली होती.

फळ्यांखालच्या बंद जागेत टोप्यांना आवरेना एवढा, पेट घेणारा वायू कोंडत राहिला. रामसजीवनने संध्याकाळी चार्जरचा चिमटा सोडवायला फळी उचलली, चिमटा सुटताना ठिणगी पडली आणि बॅटरी फुटली. ॲसिड त्याच्या तोंडावर उडालं. एक डोळा तिथेच गेला, दुसऱ्याने पुढे धूसर दिसायचं. नाव वल्हवणाऱ्या माणसाला समोरचा घाट दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी सर लग्नाहून परतले, चारबाग स्टेशनवर उतरले ते थेट हॉस्पिटलमध्ये, बॅगसकट. त्याच्या खाटेशी उभे राहून ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. रामसजीवनने चाचपून त्यांचा हात धरला, तेवढं दिसलं.

चौकशी सप्टेंबरमध्ये बसली. सगळ्यांनी लेखी जबाब द्यायचे होते, आणि तेव्हाच नेमका हिंदी पखवाडा चालू होता. सरकारी कचेरीत त्या पंधरवड्यात चिठ्ठीचपाटीसुद्धा हिंदीतच हवी. मी माझ्या जबाबात जे ऐकलं, पाहिलं ते सगळं लिहिलं, साहेबांच्या तोंडच्या वाक्यासकट. वीजवाल्याने कानावर हात ठेवले. सरांना मी म्हटलं, तुमचा जबाब मी लिहून देते. ते उखडले. "मला हिंदी येत नाही म्हणतेस?" त्यांनी आपल्या ठसठशीत अक्षरात जबाब लिहिला आणि मला न दाखवता पाकीट बंद करून दिलं.

जबाब सभागृहात वाचून दाखवायची पद्धत कुणी काढली होती कोण जाणे. पहिल्या रांगेत रामसजीवनला आणून बसवलं होतं, डोळ्यावर हिरवी पट्टी, शेजारी त्याची बायको. राजभाषा अधिकारी उभे राहिले. नक्षीदार हिंदी बोलणारा माणूस, पखवाड्यात त्यांचा रुबाब काही औरच असायचा. त्यांनी सरांचा जबाब उचलला आणि खणखणीत आवाजात वाचला.

"चार्जर के वोल्टेज का संशोधन मैंने किया है। किसी दूसरे ने नहीं। इसका पूरा श्रेय मेरा है।"

मराठीत संशोधन म्हणजे शोध घेणं, रिसर्च. हिंदीत त्यासाठी अनुसंधान म्हणतात. हिंदीत संशोधन म्हणजे फेरफार, बदल, दुरुस्ती. चोरीच्या भीतीने सरांनी चौकशीच्या कागदावरसुद्धा आपला हक्क सांगून ठेवला होता, आणि सभागृहातल्या प्रत्येक माणसाने ऐकलं ते असं: चार्जरचं व्होल्टेज मी बदललं, दुसऱ्या कुणी नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

मी उभी राहिले. म्हटलं, हा मराठी शब्द आहे, याचा अर्थ रिसर्च असा आहे, हा कबुलीजबाब नाही. राजभाषा अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मैडम, यह हिंदी पखवाड़ा है, मराठी पखवाड़ा नहीं।" सभागृह हसलं. अजून तो हशा आठवला की माझं डोकं तापतं. त्या माणसाला दोन्ही अर्थ माहीत होते. भाषेवरच त्याचं पोट होतं, माहीत नसायला काय झालं? डायरेक्टरसाहेब खाली मान घालून बोटातली अंगठी फिरवत होते.

सर अजून गोंधळलेलेच होते. आपलं श्रेय वाचून दाखवलं गेलं म्हणून आधी त्यांचा चेहरा जरा उजळलासुद्धा होता. लोक का हसले ते त्यांना कळेना. तेवढ्यात अधिकारी त्यांच्याकडे वळून मोठ्या मनाने म्हणाले, "कोई बात नहीं। आप संशोधन दे दीजिए, हम फ़ाइल में लगा देंगे।" म्हणजे दुरुस्तीचं एक वाक्य लिहून द्या. एका वाक्याचं काम होतं. सर ताडकन उठले. त्यांना वाटलं, शेवटी मागितलंच यांनी, सगळ्यांसमोर माझं संशोधन मागितलं.

"संशोधन नहीं दूँगा!" ते ओरडले. "मर गया तो भी नहीं दूँगा! वह मेरा है!"

आणि सभागृहातून निघून गेले. रामसजीवनने आवाजाच्या दिशेने मान वळवली होती. सगळं होईपर्यंत ती तशीच होती.

मी त्यांच्या मागे धावले. व्हरांड्यात त्यांना गाठून सगळं उलगडून सांगितलं, हिंदीतलं संशोधन म्हणजे काय, लोकांनी काय ऐकलं, त्यांना काय लिहून मागितलंय. ते ऐकत राहिले. चेहरा उतरला. मला वाटलं, आता परत येतील. आत जाऊन दोन शब्द बोलतील. पण ते म्हणाले, "म्हणजे माझा शब्द चुकला असं मीच लिहून द्यायचं? आणि त्या कागदाला नाव काय, तर संशोधन! नाही देणार. शब्द बरोबर आहे माझा. त्यांना संस्कृत येत नाही."

"सर, शब्द गेला खड्ड्यात," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "आत रामसजीवन बसलाय. त्याने काय ऐकलं असेल?"

"तो मला ओळखतो," सर म्हणाले. "त्याला सांगायची गरज नाही."

मी दुसऱ्या दिवशी स्वतः दुरुस्ती लिहून नेली. सही त्यांची हवी म्हणून परत आली. ते सही करेनात. काकूंनी हात जोडले तरी करेनात. खुद्द माणसानेच कबूल केल्यावर माझ्या जबाबाला कोण विचारतो? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि या संन्याशाने दोर स्वतःच वळून दिला होता. सरांना बॅटरी विभागातून काढून स्टोअरमध्ये बसवलं. डायरेक्टरसाहेबांनी म्हणे शब्द टाकला म्हणून नोकरी वाचली. तसं ते सगळ्यांना सांगायचे. वर्षअखेर छापलेल्या अहवालात व्होल्टेज खालीवर करायची पद्धत होती, टोप्या होत्या, पाण्याची बचत होती. सरांचं नाव नव्हतं. हिंदी पानावर त्याला अनुसंधान म्हटलं होतं. शब्द अगदी बिनचूक.

मला त्या सगळ्यांची चीड आहेच. पण खोटं कशाला सांगू, सर्वांत जास्त चीड सरांची येते. लोकांनी त्यांना बुडवलं हे खरं, पण काठावरचा हात त्यांनी व्याकरणासाठी झिडकारला. लोक त्यांना आता तत्त्वनिष्ठ वगैरे म्हणतात. मी म्हणत नाही. तत्त्व त्यांचं होतं, डोळा रामसजीवनचा होता.

रामसजीवन त्यांना ओळखतो, ही त्यांची समजूत फार दिवस टिकली नाही. ते घाटावर जायचे, तो घरात नाही असं त्याची बायको सांगायची. आतून खोकल्याचा आवाज यायचा. सर पायरीवर बसून परत यायचे. असं बरेच दिवस चाललं. थंडी पडली, गोमतीवर धुकं बसायला लागलं, तेव्हा एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. टेरिकॉटवर जाड स्वेटर, हातात काही नाही.

"मला हिंदी शिकव," म्हणाले. "सगळी नको. त्याच्याशी बोलण्यापुरती. त्यात माझा एकही मराठी शब्द नको."

मी चहा ठेवला आणि आम्ही बसलो. मी वाक्य सांगायचे, ते म्हणायचे. 'ग़लती' म्हणताना त्यांची जीभ अडायची, तो शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा घोकला. मी म्हटलं, एवढं अचूक नको, तो समजून घेईल. म्हणाले, "नाही. या वेळी अचूक हवं."

आम्ही घाटावर गेलो तेव्हा रामसजीवन नशिबाने दारातच उन्हाला बसला होता. आवाजावरून ओळखून त्याने तोंड फिरवलं. सर त्याच्या समोर जाऊन उभे राहिले, शाळेत पाठांतर म्हणताना राहतात तसे हात खाली सोडून.

"रामसजीवन, चार्जर मैंने नहीं बढ़ाया था। मैं उस दिन छुट्टी पर था। मैंने काग़ज़ पर एक ग़लत शब्द लिख दिया। वह मेरी ग़लती थी। मुझे उसी दिन कह देना चाहिए था।"

एक अक्षर चुकलं नाही. त्याची बायको दाराशी येऊन थांबली. मग रामसजीवन सावकाश म्हणाला,

"अब तो आप बहुत साफ़ बोलते हैं, साहब। उस दिन काहे नाहीं बोले? हम तो सामने ही बइठे रहे।"

मी त्यांच्या दंडाला धरून हळूच म्हटलं, "चला सर."

"थांब जरा," ते म्हणाले. "त्यानं मला विचारलंय."

ते तसेच उभे राहिले, ओठ हलत होते, हिंदी शब्द जुळवत होते. तोवर बायकोने रामसजीवनला हात देऊन उठवलं आणि आत नेऊन दार लावून घेतलं होतं.